नेव्हिल डिसोझा

नेव्हिल स्टीफन डिसोझा (जन्म : ३ ऑगस्ट १९३२, मृत्यू : १६ मार्च १९८०) हे भारतीय फुटबॉलपटू होते. मुंबईच्या टाटा स्पोर्ट्‌स क्लब व कॅलटेक्स या संघांकडून आणि संतोष करंडक स्पर्धेत मुंबई राज्याच्या संघाकडून ते आघाडीच्या फळीत खेळले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल करून ते ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक साधणारे पहिले आशियाई खेळाडू ठरले. त्या स्पर्धेत एकूण चार गोल करून त्यांनी सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये संयुक्तपणे पहिले स्थान मिळवले. त्यांच्या कामगिरीमुळे भारत उपांत्य फेरीत पोहोचला व अखेरीस चौथ्या क्रमांकावर राहिला. ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी होय.

भारतीय फुटबॉल संघ १९४८ ते १९६० या काळात चार ऑलिंपिक स्पर्धांत उतरला. या चार स्पर्धांत मिळून भारताने आठ सामने खेळले. त्यांपैकी फक्त एक जिंकला, एक बरोबरीत सोडवला व सहा गमावले. जिंकलेला एकमेव सामना म्हणजे डिसोझा यांच्या हॅट्ट्रिकचा सामना होय. या आठ सामन्यांत भारताच्या नावावर दहा गोल आहेत आणि त्यांतील चार गोल एकट्या डिसोझा यांचे आहेत. असे असूनही त्यांचे नाव खेळाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे पोहोचलेले नाही.

पार्श्वभूमी

डिसोझा हे मूळ गोमंतकीय होते. गोव्यात फुटबॉलचा प्रवेश १८८३ मध्ये बार्देशातील शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंमुळे झाला, असे सामान्यतः मानले जाते. शाळा व चर्चच्या आवारांतून हा खेळ गावोगाव पसरला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पोटापाण्यासाठी गोव्यातून मोठ्या संख्येने लोक मुंबईत येऊ लागले. खलाशी, स्वयंपाकी, वादक, कारकून, शिक्षक अशा नाना व्यवसायांत ते स्थिरावले. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव, वांद्रे या भागांत त्यांची वस्ती वाढली.

एकट्याने येणाऱ्या गोमंतकीयांसाठी मुंबईत ‘कूड’ नावाच्या सामायिक निवासांची व्यवस्था होती. बहुधा एकेका गावाचा स्वतंत्र कूड असे. तेथे त्या गावचा माणूस अल्प मोबदल्यात राहू शके. गावाची प्रार्थना, गावाचा सण आणि गावाचा खेळ या तिन्ही गोष्टी या कूडांबरोबर मुंबईत आल्या. सुटीच्या दिवशी मैदानावर फुटबॉल खेळणे हा या समाजाच्या जीवनाचा सहज भाग होता. मुंबईच्या फुटबॉलला पुढे जे नामांकित खेळाडू लाभले, त्यांत गोमंतकीयांचा वाटा मोठा आहे. डिसोझा यांच्या घरातही खेळाची आवड होती. त्यांचे बंधू डेरेक डिसोझा हेही फुटबॉलपटू होते.

येथे एक ऐतिहासिक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. डिसोझा यांनी ज्या वर्षी मेलबर्नमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले, त्या वर्षी गोवा भारतात नव्हता. १९५५ च्या सत्याग्रहातील गोळीबारानंतर भारत सरकारने पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्याशी असलेले दळणवळण जवळजवळ तोडले होते. गोवा मुक्त झाला तो १९ डिसेंबर १९६१ रोजी. त्यामुळे त्या पिढीतील गोमंतकीय खेळाडूंना मोठ्या स्पर्धांचा मार्ग प्रामुख्याने मुंबईतूनच मिळत होता.

मुंबईचे फुटबॉल

डिसोझा यांची कारकीर्द समजण्यासाठी त्या काळातील मुंबईच्या फुटबॉलचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. मुंबईतील रोव्हर्स चषक ही १८९१ मध्ये सुरू झालेली स्पर्धा देशातील जुन्या व प्रतिष्ठित स्पर्धांपैकी एक होती. आरंभी तिच्यावर ब्रिटिश लष्करी पलटणींचे वर्चस्व होते. स्वातंत्र्याच्या सुमारास देशभरातील नामवंत भारतीय संघ या स्पर्धेसाठी मुंबईत येऊ लागले. सामने कूपरेज मैदानावर होत आणि त्यांना प्रेक्षकांची मोठी गर्दी लोटत असे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने जिंकला. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम होते. पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून डिसोझा यांच्या कारकिर्दीशी त्यांचा निकटचा संबंध आला.

मुंबईतील स्थानिक स्पर्धांमध्ये हारवूड लीग ही मुख्य साखळी स्पर्धा होती. तीत भाग घेणारे अनेक संघ कंपन्यांचे होते. टाटा उद्योगसमूह, कॅलटेक्स व बर्मा-शेल या तेल कंपन्या तसेच काही कापड गिरण्या आपापले संघ बाळगत. आज ज्या अर्थाने व्यावसायिक फुटबॉलपटू हा शब्द वापरला जातो, त्या अर्थाने भारतात तेव्हा व्यावसायिक फुटबॉल नव्हते. खेळाडूला कंपनी नोकरी देई. त्याला सरावासाठी व सामन्यांसाठी सवलत मिळे आणि खेळण्याचे दिवस सरल्यावर नोकरी टिकून राही. इटली, स्पेन, इंग्लंड या देशांतील खेळाडू त्या काळी क्लबांशी करार करून वेतन घेत. मुंबईतील खेळाडू मात्र सकाळ-संध्याकाळ खेळत आणि मधल्या वेळेत कचेरीत बसत. ऑलिंपिक स्पर्धा हौशी खेळाडूंपुरतीच मर्यादित होती. त्यामुळे अशा नोकरदार खेळाडूंना तीत भाग घेता येत असे.

क्लब व राज्य पातळीवरील कारकीर्द

डिसोझा हे मध्य-आघाडीचे, म्हणजे त्या काळच्या भाषेत सेंटर फॉरवर्डचे खेळाडू होते. पाच खेळाडूंच्या आघाडीच्या फळीत मधोमध खेळणाऱ्या या खेळाडूवर गोल करण्याची मुख्य जबाबदारी असे. दोन्ही बगलांवरून येणारा चेंडू प्रतिपक्षाच्या बचावपटूंच्या आधी गाठणे, गोलरक्षकाच्या हातून वा गोलखांबावरून परतलेल्या चेंडूवर झडप घालणे आणि क्षणभर मोकळी झालेली जागा हेरणे ही त्याची कामे होत. चेंडू पायात फार वेळ नसतानाही सामन्याचा निकाल फिरवणारी ही जागा आहे.

मुंबईत ते टाटा स्पोर्ट्‌स क्लब व कॅलटेक्स या दोन संघांकडून खेळले. राष्ट्रीय पातळीवर त्यांनी संतोष करंडक स्पर्धेत मुंबईचे प्रतिनिधित्व केले. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या आंतरराज्य स्पर्धेवर बंगालचा मोठा प्रभाव होता. १९५४ च्या हंगामात मद्रास येथे झालेल्या अंतिम सामन्यात मुंबईने सेनादलाच्या संघाला २–१ असे हरवून हा करंडक प्रथमच जिंकला. या विजेत्या संघात डिसोझा यांचा समावेश होता. राज्य पुनर्रचनेनंतर महाराष्ट्राने १९६३, १९९० व १९९९ च्या हंगामांत हा करंडक मिळवला. राज्याच्या चार विजेतेपदांपैकी पहिले अशा रीतीने डिसोझा यांच्या पिढीचे आहे.

१९५८ मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. कलकत्ता व हैदराबाद येथील बलाढ्य संघ ज्या स्पर्धेत वर्षानुवर्षे विजयी होत, ती मुंबईतील एका कंपनीच्या संघाने घरच्या मैदानावर जिंकणे ही स्थानिक फुटबॉलच्या दृष्टीने महत्त्वाची घटना होती.

भारतीय संघ : लंडन ते मेलबर्न

स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ प्रथम १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरला. बहुतेक भारतीय खेळाडू त्या वेळी अनवाणी खेळले. फ्रान्सविरुद्धचा तो सामना भारताने १–२ असा गमावला. भारताला त्या सामन्यात मिळालेल्या दोन पेनल्टी वाया गेल्या. भारताचा एकमेव गोल सारंगपाणी रामन यांनी केला. पराभव होऊनही या संघाच्या खेळाचे कौतुक झाले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र चित्र पालटले. थंड हवेत व ओल्या मैदानावर युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडवला. भारताकडून अहमद खान यांनी एक गोल केला. या दारुण पराभवानंतर बूट घालून खेळण्याची सक्ती झाली. संघाची बांधणी, शारीरिक तयारी व डावपेच यांचा नव्याने विचार सुरू झाला.

या पुनर्बांधणीचे सूत्रधार सय्यद अब्दुल रहीम होते. मूळचे शिक्षक असलेले रहीम खेळाडूंना शिस्त व सांघिक खेळ यांचे धडे देत. चेंडू स्वतःकडे रोखून धरण्याची सवय मोडावी म्हणून त्यांनी हैदराबादेत चेंडू खेळवत नेण्यास मनाई असलेल्या स्पर्धा भरवल्या. चेंडू मिळताच तो सहकाऱ्याकडे देणे आणि दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेने खेळणे यांवर त्यांचा भर होता. अशा खेळात मध्य-आघाडीच्या खेळाडूला योग्य वेळी योग्य जागी चेंडू मिळण्याची शक्यता वाढते. डिसोझा यांना या पद्धतीचा लाभ झाला. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश व श्रीलंका यांच्यातील चौरंगी स्पर्धाही भारताने १९५३, १९५४ व १९५५ अशी लागोपाठ तीन वर्षे जिंकली होती. मेलबर्नला जाताना भारतीय संघ आशियातील एक प्रबळ संघ म्हणून ओळखला जात होता.

मेलबर्न ऑलिंपिक, १९५६

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे २२ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर १९५६ या काळात दक्षिण गोलार्धातील पहिली ऑलिंपिक स्पर्धा झाली. तिच्यावर जागतिक राजकारणाची दाट छाया होती. हंगेरीतील उठाव सोव्हिएत सैन्याने चिरडला होता आणि सुएझ कालव्याच्या प्रश्नावरून मध्यपूर्वेत युद्ध पेटले होते. या घटनांच्या निषेधार्थ नेदरलँड्‌स, स्पेन व स्वित्झर्लंड यांनी, तसेच इजिप्त, इराक व लेबनॉन यांनी स्पर्धेवर बहिष्कार टाकला. तैवानच्या सहभागाच्या निषेधार्थ चीननेही माघार घेतली. फुटबॉलमध्ये प्रत्यक्ष अकराच संघ खेळले. भारताची पहिली गाठ हंगेरीशी पडणार होती. हंगेरी हा १९५२ चा ऑलिंपिक विजेता आणि १९५४ च्या विश्वचषकाचा उपविजेता देश होता. हंगेरीच्या फुटबॉल संघाने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली व तो थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला.

भारतीय संघाचे नेतृत्व समर तथा बद्रू बॅनर्जी यांच्याकडे होते. प्रदीपकुमार बॅनर्जी, जे. कृष्णस्वामी तथा किट्टू, तुलसीदास बलराम, पीटर थंगराज, निखिल नंदी, मोहम्मद कन्नय्यन, नूर मोहम्मद आणि अझिझुद्दीन हे संघातील काही प्रमुख खेळाडू होते. मुंबईकडून डिसोझा यांच्यासह गोलरक्षक एस. एस. नारायण यांची निवड झाली होती. डिसोझा त्या वेळी चोवीस वर्षांचे होते.

ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना

उपांत्यपूर्व फेरीत भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. ऑस्ट्रेलियाने आधीच्या सामन्यात जपानला २–० असे हरवले होते. हा सामना १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिक पार्क मैदानावर झाला. यजमान संघ, त्याचे प्रेक्षक आणि धिप्पाड बचावपटू यांच्यापुढे भारताचा निभाव लागणे कठीण, असे वाटण्यासारखी परिस्थिती होती.

नवव्या मिनिटाला डिसोझा यांनी भारताचा पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या बॉब मॉरो यांनी १७ व्या मिनिटाला बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला डिसोझा यांनी भारताला पुन्हा आघाडी मिळवून दिली. मध्यंतराला काही मिनिटे उरली असताना, ४१ व्या मिनिटाला मॉरो यांनी पुन्हा बरोबरी केली. पूर्वार्ध २–२ असा संपला.

दोनदा मिळवलेली आघाडी दोनदा गमावल्यावर संघाचा धीर खचणे स्वाभाविक असते. उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटे होतात न होतात तोच, ५० व्या मिनिटाला, डिसोझा यांनी आपला तिसरा व भारताचाही तिसरा गोल केला. भारताने तिसऱ्यांदा मिळवलेली ही आघाडी अखेरपर्यंत टिकवली. सामना संपण्यास दहा मिनिटे असताना किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारताने सामना ४–२ असा जिंकला.

या विजयामुळे ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला. एकाच खेळाडूने एका सामन्यात तीन गोल करण्याला फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक म्हणतात. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारे डिसोझा हे पहिले आशियाई खेळाडू होत. भारताच्या दुसऱ्या कोणत्याही फुटबॉलपटूला ऑलिंपिकमध्ये ही कामगिरी करता आलेली नाही.

युगोस्लाव्हियाविरुद्धचा उपांत्य सामना

उपांत्य फेरीत भारतासमोर पुन्हा युगोस्लाव्हिया उभा राहिला. हेलसिंकीत याच देशाने भारतावर दहा गोल चढवले होते. लंडन व हेलसिंकी या दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले होते. हा सामना ४ डिसेंबर रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर खेळला गेला.

पूर्वार्धात युगोस्लाव्हियाला एकही गोल करता आला नाही. मध्यंतराला गोलफलक कोरा होता. हेलसिंकीच्या निकालाशी तुलना करता एवढी गोष्टही लहान नव्हती. ५२ व्या मिनिटाला डिसोझा यांनी गोल करून भारताला १–० अशी आघाडी मिळवून दिली. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यापासून भारत त्या क्षणी अवघा अर्ध्या-पाऊण तासाच्या खेळाइतका दूर होता.

ही आघाडी मात्र अल्पकाळ टिकली. दोनच मिनिटांत पापेत्स यांनी बरोबरीचा गोल केला. आणखी तीन मिनिटांनी तोदोर वेसेलिनोविच यांनी युगोस्लाव्हियाला पुढे नेले. ६५ व्या मिनिटाला पापेत्स यांनी तिसरा गोल केला आणि ७८ व्या मिनिटाला भारताकडून स्वयंगोल झाला. सामना ४–१ असा युगोस्लाव्हियाने जिंकला. त्या काळी जायबंदी वा थकलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू उतरवण्याची सोय नव्हती. आरंभी मैदानात उतरलेल्या अकरा जणांनाच नव्वद मिनिटे तग धरावा लागे. युगोस्लाव्हिया या स्पर्धेतही अंतिम सामन्यात पोहोचला. तेथे सोव्हिएत संघाने त्याला १–० असे हरवून सुवर्णपदक मिळवले.

कांस्यपदकाचा सामना व सिडनी

तिसऱ्या क्रमांकासाठीचा सामना ७ डिसेंबर रोजी बल्गेरियाशी झाला. बल्गेरियाने आधी ग्रेट ब्रिटनला ६–१ असे हरवले होते आणि उपांत्य सामन्यात सोव्हिएत संघाला कडवी झुंज दिली होती. बल्गेरियाने भारताला ३–० असे हरवले. भारताला गोल करता आला नाही, असा त्या स्पर्धेतील हा एकमेव सामना होता आणि याच सामन्यात डिसोझा यांची गोलांची मालिका खंडित झाली. भारताचे कांस्यपदक हुकले.

मायदेशी परतण्यापूर्वी १२ डिसेंबर रोजी सिडनी येथे भारताचा ऑस्ट्रेलियाशी आणखी एक मैत्रीपूर्ण सामना झाला. तो भारताने ७–१ असा जिंकला. ऑलिंपिकमधील विजय हा दैवाचा खेळ नव्हता, हे या निकालाने दाखवून दिले. भारतीय संघाच्या सर्वांत मोठ्या आंतरराष्ट्रीय विजयांमध्ये या सामन्याची गणना होते.

स्पर्धेतील सर्वाधिक गोल

मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तीन खेळाडूंनी प्रत्येकी चार गोल केले :

• नेव्हिल डिसोझा (भारत)
• दिमितर मिलानोव्ह (बल्गेरिया)
• तोदोर वेसेलिनोविच (युगोस्लाव्हिया)

यांपैकी बल्गेरियाला कांस्यपदक व युगोस्लाव्हियाला रौप्यपदक मिळाले. पदकाविना परतलेले डिसोझा हे तिघांतील एकटेच होते. ऑलिंपिकमधील भारताच्या पाच गोलांपैकी चार त्यांचे होते आणि उरलेला एक किट्टू यांचा होता.

ऑलिंपिकमधील भारतीय फुटबॉल संघाची कामगिरी

• लंडन, १९४८ : फ्रान्सकडून १–२ असा पराभव
• हेलसिंकी, १९५२ : युगोस्लाव्हियाकडून १–१० असा पराभव
• मेलबर्न, १९५६ : ऑस्ट्रेलियावर ४–२ असा विजय, युगोस्लाव्हियाकडून १–४ व बल्गेरियाकडून ०–३ असा पराभव
• रोम, १९६० : हंगेरीकडून १–२ असा पराभव, फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी, पेरूकडून १–३ असा पराभव

रोममधील तीन गोलांपैकी दोन तुलसीदास बलराम यांनी व एक प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी केला. रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेला नाही.

मेलबर्ननंतर

मेलबर्नहून परतल्यावरही डिसोझा मुंबईच्या फुटबॉलमध्ये खेळत राहिले. कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला तो याच काळात. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या संघात मात्र ते नव्हते. रहीम यांच्या मार्गदर्शनाखालील भारतीय संघाने १९६२ मध्ये जाकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. त्या वेळेपर्यंत चुनी गोस्वामी, प्रदीपकुमार बॅनर्जी व बलराम यांची आघाडीची फळी नावारूपाला आली होती. १९६३ मध्ये रहीम यांचे निधन झाले. त्यानंतर भारतीय फुटबॉलची जागतिक पातळीवरील घसरण सुरू झाली.

नेव्हिल डिसोझा यांचे १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या अवघ्या सत्तेचाळीसाव्या वर्षी निधन झाले.

विस्मृतीची कारणे

डिसोझा यांच्या कामगिरीच्या मानाने त्यांना लाभलेली प्रसिद्धी अल्प आहे. तिची काही कारणे त्या काळाच्या परिस्थितीत सापडतात.

पहिले कारण हॉकीचे. याच मेलबर्न ऑलिंपिकमध्ये, फुटबॉलचा उपांत्य सामना झाल्यावर दोनच दिवसांनी, भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात पाकिस्तानला १–० असे हरवून सलग सहावे सुवर्णपदक पटकावले. देशाचा आनंद साहजिकच त्या सुवर्णाभोवती एकवटला. चौथा क्रमांक हा पदकतालिकेत दिसत नाही.

दुसरे कारण प्रसारमाध्यमांचे. भारतात दूरचित्रवाणीचा प्रयोग दिल्लीत १९५९ मध्ये सुरू झाला आणि मुंबईत दूरचित्रवाणी आली ती १९७२ मध्ये. मेलबर्नमधील सामने भारतातील सर्वसामान्य प्रेक्षकाने पाहिलेच नाहीत. वृत्तपत्रांतील बातमी हीच काय ती त्या तीन गोलांची स्मृती होती.

तिसरे कारण शासकीय सन्मानांचे. खेळाडूंच्या गौरवासाठी भारत सरकारने १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू केला. फुटबॉलसाठीचा पहिला पुरस्कार प्रदीपकुमार बॅनर्जी यांना मिळाला. त्यानंतर बलराम, गोस्वामी, जर्नैल सिंग अशा खेळाडूंचा गौरव झाला. हे सारे खेळाडू साठच्या दशकात खेळत होते. डिसोझा यांचा बहराचा काळ पुरस्कार सुरू होण्यापूर्वीच सरून गेला होता. अर्जुन पुरस्काराच्या यादीत त्यांचे नाव नाही.

चौथे कारण संघांच्या स्वरूपाशी निगडित आहे. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन स्पोर्टिंग या कलकत्त्याच्या क्लबांना पिढ्यान्‌पिढ्यांचे चाहते लाभले. आपल्या जुन्या खेळाडूंची आठवण त्या चाहत्यांनी जिवंत ठेवली. कंपनीच्या संघाचे तसे नसते. कॅलटेक्सचा भारतातील व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला व १९७८ मध्ये तो हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. रोव्हर्स चषक स्पर्धाही एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडली. ज्या संघाकडून व ज्या स्पर्धेत डिसोझा खेळले, ती दोन्ही नावे आज भारतीय फुटबॉलमध्ये उरलेली नाहीत.

स्मृती

मुंबईत वांद्रे येथील फुटबॉल मैदानाला नेव्हिल डिसोझा यांचे नाव देण्यात आले आहे. तेथे शहरातील विविध गटांचे साखळी सामने खेळले जातात. सय्यद अब्दुल रहीम यांच्या जीवनावर आधारलेल्या ‘मैदान’ (२०२४) या हिंदी चित्रपटामुळे त्या काळातील भारतीय फुटबॉलपटूंची नावे नव्या पिढीच्या कानांवर पुन्हा पडली.

मूल्यमापन

डिसोझा यांच्या कामगिरीचे मूल्य ठरवताना स्पर्धेतील संघांची कमी संख्या व हंगेरीची माघार या बाबी विचारात घ्याव्या लागतात. पुढे चाल मिळाल्यामुळे भारताचा मार्ग सोपा झाला, हे खरे आहे. परंतु माघारीचा लाभ भारताला फक्त उपांत्यपूर्व फेरीपर्यंत घेऊन गेला. तेथून पुढचे पाऊल यजमान संघाला त्याच्याच भूमीवर हरवून टाकावे लागले आणि ते प्रामुख्याने डिसोझा यांच्या गोलांच्या बळावर पडले. उपांत्य सामन्यातील त्यांचा गोल ज्या संघाविरुद्ध होता, त्या संघाने पुढे रोममध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले.

दोन सामन्यांत, चार दिवसांच्या आत त्यांनी चार गोल केले आणि त्यांतील प्रत्येक गोलाने भारताला आघाडी मिळवून दिली. आधीच जिंकत आलेल्या सामन्यात भर घालणारा किंवा हरलेल्या सामन्यात सांत्वनापुरता केलेला असा त्यांचा एकही गोल नाही. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात नेव्हिल डिसोझा यांचे स्थान या चार गोलांनी निश्चित केले आहे.